धुऱ्यावरचा फोन

सातबारा उताऱ्याचे दोन भाग असतात. सातव्या नमुन्यात जमीन कोणाची हे लिहिलेले असते आणि बाराव्यात त्या जमिनीत काय पेरले हे. पहिला भाग वाटणी, खरेदी वा वारस यांच्या निमित्ताने कधीकाळी बदलतो. दुसरा मात्र दर हंगामाला नव्याने भरावा लागतो, आणि शेतकऱ्याचे त्या वर्षीचे पुष्कळसे भवितव्य त्यावरच ठरते. अतिवृष्टीने पीक गेले तर मदत कोणत्या पिकाची द्यावयाची, पीकविम्याचा दावा मान्य करावयाचा की नाही, सोयाबीन वा तूर हमीभावाच्या केंद्रावर घ्यावयाची की नाही, या साऱ्या प्रश्नांचे उत्तर कार्यालयातील कारकून त्या बाराव्या नमुन्यातच शोधतो. तेथे कपाशीची नोंद नसेल, तर शेतात गुडघाभर कपाशी उभी असूनही कागदोपत्री ती नसते.

ही नोंद पूर्वी तलाठी करीत असे. त्याने शेतोशेती जाऊन ती करावी असा नियम होता. ती बहुधा चावडीवर बसूनच होई, हे सांगण्यासाठी साक्षीपुराव्याची गरज नाही. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपला पेरा आपणच मोबाईलवरून नोंदविण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला, तेव्हा त्या कल्पनेचे स्वागतच व्हावयास हवे होते, आणि ते झालेही. शेतकऱ्याने शेतात जावे, आपला गट क्रमांक निवडावा, पीक व क्षेत्र भरावे, उभ्या पिकाचे छायाचित्र काढावे आणि पाठवावे. छायाचित्र खरोखर त्याच शेतातले आहे याची खात्री फोनमधील उपग्रहदर्शक यंत्रणा करून देते. कागदावर ही रचना निर्दोष आहे. दोष कोठे असेल, तर तो कागद आणि धुरा यांच्यामधल्या एका वस्तूत आहे. ती वस्तू म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातला फोन.

अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा हे तालुक्याचे गाव घ्यावे. मोझरीचे गुरुकुंज आणि वर्धेकाठचे कौंडण्यपूर यांमुळे या तालुक्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तालुका जगतो तो कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्यावर. खरिपाची नोंद ऑगस्ट-सप्टेंबरात करावयाची असते. त्या दिवसांत काळ्या मातीच्या शेतात पाय घोट्यापर्यंत रुततो, हात ओले असतात, आणि ओल्या बोटाचा स्पर्श स्वस्त फोनच्या काचेला नीट कळत नाही. पावसाने उघडीप दिली तर ऊन असे पडते की पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी होतात. फोन चार-पाच वर्षांपूर्वीचा. त्याची रॅम दोन वा तीन जीबी. उरलेली जागा व्हॉट्सअ‍ॅपवरून दररोज पहाटे येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरलेली, त्यामुळे अ‍ॅपची नवी आवृत्ती उतरवून घ्यावयाची तर आधी नातवाच्या बारशाचे चलच्चित्र पुसावे लागते. बरे, तो फोनही अनेकदा शेतकऱ्याचा नसतोच. अमरावतीला शिकणाऱ्या मुलाचा असतो आणि तो शनिवारी गावी येतो.

अशा फोनवर अ‍ॅप चालते की नाही, हे अ‍ॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी पाहावे लागते. ज्यांना या व्यवसायाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढे सांगावयास हवे की, अ‍ॅप लिहिणारे लोक ते प्रथम संगणकाच्या पडद्यावरच, फोनची नक्कल करणाऱ्या प्रणालीत चालवून बघतात. नंतर ते खऱ्या फोनवर तपासतात. हे खरे फोन किती घ्यावयाचे आणि कोणते घ्यावयाचे, हा निर्णय वरकरणी क्षुल्लक भासतो. एखाद्या कचेरीने खुर्च्या किती मागवाव्यात तितकाच. प्रत्यक्षात अ‍ॅप कोणाचे चालेल आणि कोणाचे बंद पडेल हे त्याच निर्णयाने ठरते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयातील तरुण अभियंत्याच्या खिशात जो फोन असतो तो साहजिकच नवा, वेगवान आणि महागडा असतो. त्यावर तपासलेले अ‍ॅप त्याला उत्तम चालताना दिसते. त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत, पण ते तिवसा तालुक्यातील धुऱ्यावर उभे नसतात.

अँड्रॉइड प्रणालीच्या फोनमध्ये किती वैविध्य आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. ओपनसिग्नल या कंपनीने २०१५ साली मोजणी केली, तेव्हा या प्रणालीवर चालणारे २४,०९३ निरनिराळे फोन तिला आढळले होते. इतके सगळे कोणी तपासू शकत नाही, हे उघड आहे. तेव्हा निवड करावीच लागते, आणि निवड म्हटली की तिचे शास्त्र आले.

ते शास्त्र वऱ्हाडाला परके नाही. १९४० च्या दशकात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नजरेने बांधण्याची जुनी रीत मोडून, शेतातील ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापून, वजन करून अंदाज काढण्याची पद्धत या देशात ज्यांनी रुजविली, त्यांत डॉ. विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्याकडील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे दोघे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. मध्यप्रांत-वऱ्हाडातील कापूस हा पानसे यांच्या अभ्यासाचा विषय होता. कोणते गाव, त्यातला कोणता सर्व्हे नंबर आणि त्या शेतातला कोणता तुकडा कापावयाचा, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छ अंकांच्या आधारे ठरवावे, हा त्या पद्धतीचा गाभा होय. कारण माणसाला मोकळे सोडले की तो सडकेच्या कडेचे, जीप पोहोचेल असे, दिसावयास बरे पीक निवडतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. सोय असते. सुखात्मे यांनी पुढे हेही दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसते, कारण सीमेवरची झाडे मोजणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात. या दोघांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांतून कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला.

आता ज्या खात्याच्या आणेवारीचे आणि पीक कापणी प्रयोगाचे सारे व्यवहार या तत्त्वावर उभे आहेत, त्याच खात्याच्या अ‍ॅपसाठी चाचणीचे फोन निवडताना ते तत्त्व आठवू नये, याला काय म्हणावे? अभियंत्याच्या टेबलावरचा फोन हे सडकेच्या कडेचे शेत आहे. त्यावरचा निष्कर्ष साऱ्या तालुक्याला लावता येत नाही.

केवळ रॅम कमी आहे एवढीच अडचण असती तर ती सहज ओळखता आली असती. खरी अडचण अनेकपदरी आहे. उपग्रहावरून आपले स्थान शोधण्याचीच गोष्ट पाहावी. उपग्रहाचा संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या मंद गतीने येतो. एका उपग्रहाच्या कक्षेची माहिती हाती येण्यास सुमारे अर्धे मिनिट आणि सर्व उपग्रहांची यादी मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. शहरातील फोनला ही वाट पाहावी लागत नाही, कारण तीच माहिती तो इंटरनेटवरून क्षणार्धात मिळवितो. धुऱ्यावर इंटरनेट नसते, किंवा असून नसल्यासारखे असते. तेथे फोनला आकाशातूनच सारे उतरवून घ्यावे लागते. अ‍ॅप लिहिणाऱ्याने दहा सेकंदांत स्थान मिळाले नाही तर प्रयत्न सोडून द्यावा असे लिहून ठेवले असेल, तर कार्यालयात ते वाक्य कधीच आड येणार नाही. शेतात ते दर वेळी येईल, आणि आपल्याच बापजाद्यांच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला फोन सांगेल की तुम्ही शेताच्या बाहेर आहात.

जुना फोनच तेवढा दगा देतो असेही नाही. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून, एखादे अ‍ॅप स्थान विचारू लागले की फोन मालकापुढे दोन पर्याय ठेवतो : अचूक स्थान सांगू की ढोबळ? ढोबळ म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कोठेतरी. फोनवरून फसवणूक झाल्याच्या बातम्या वाचून सावध झालेला माणूस ढोबळ पर्याय निवडतो. त्यात त्याचे काय चुकले? पण तेवढ्या पट्ट्यात एखाद्या लहान गावाचे सारे शिवार मावते. जुन्या फोनवर हा प्रश्न उद्भवतच नाही. तेव्हा केवळ जुने फोन गोळा केले की काम झाले, असा समजही भाबडाच ठरेल.

आणखी एक गोष्ट अमराठी अभियंत्याच्या ध्यानात यावयाची नाही. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हा’, ‘धुरा’ शब्दाचे ‘धुऱ्यावर’ हे रूप, यांतला अर्धा ‘र’ मराठीचा खास आहे. संगणकात तो दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादीत एका रीतीने आणि शोधताना दुसऱ्या रीतीने लिहिले गेले, तर तिवसा तालुक्यातील कुऱ्हा हे गाव अ‍ॅपला सापडणारच नाही. फोनवरील मराठी कळफलक प्रत्येक कंपनीचा निराळा असल्यामुळे हा दोष एका फोनवर दिसेल आणि शेजारच्या फोनवर दिसणार नाही. वयस्कर माणसे फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात हेही असेच. अक्षरे मोठी झाली की पडद्याच्या तळाशी असलेले ‘पुढे’ हे बटण कित्येक अ‍ॅपमध्ये पडद्याबाहेर जाते आणि माणूस तेथेच अडतो. पंचविशीतल्या अभियंत्याच्या फोनवर अक्षरे लहानच असतात.

या विषयाची किंमत किती मोठी असते, हे राज्याने एकदा पाहिलेले आहे. १ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाने अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आणले. सेविकांच्या हाती त्यापूर्वीच्या योजनेत मिळालेले फोन होते. त्यांची रॅम दोन जीबी. नवे अ‍ॅप त्यांवर नीट चालेना, फोन तापत, मध्येच बंद पडत, दुरुस्तीचा खर्च सेविकांनाच सोसावा लागे, आणि भाषाही इंग्रजी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांनी सरकारी वस्तू सरकारच्या दारात नेऊन ठेवावी, ही लहान घटना नव्हती. त्या दोन जीबीच्या फोनवर अ‍ॅप आधी आठ दिवस चालवून पाहिले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते. हे फोन शासनाने स्वतः खरेदी केलेले होते, म्हणजे ते कोणते हे ठाऊक करून घेण्यासाठी बाहेर कोठे जावे लागणार नव्हते. शिक्षकांचा अनुभव याहून फार वेगळा नाही. डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्यांची हजेरी फोनवरून भरण्यास सांगण्यात आले, तेव्हा फोन शिक्षकाचा, इंटरनेटचा खर्च शिक्षकाचा, आणि हजेरी पोहोचली नाही तर खुलासाही शिक्षकाचाच.

परदेशातील बलाढ्य कंपन्याही या बाबतीत ठेच लागूनच शहाण्या झाल्या. फेसबुकचे काही अधिकारी व अभियंते आफ्रिकेत गेले आणि तेथे आपलेच अ‍ॅप वापरून पाहू लागले, तेव्हा ते संथ चालले, वरचेवर बंद पडले आणि महिनाभराचे इंटरनेट ४० मिनिटांत संपले. २०१४ साली कंपनीने हे स्वतःच जाहीरपणे लिहिले. त्यांनी तेथील बाजारातले फोन विकत घेऊन चाचणीसाठी मायदेशी नेले. पुढे २०१५ मध्ये हलक्या फोनसाठी वेगळे लहान अ‍ॅप आले आणि त्याच वर्षी आपल्या कर्मचाऱ्यांना दर मंगळवारी तासभर मंद गतीचे इंटरनेट अनुभविण्याची सोय कंपनीने केली. २०१६ साली तर ओरेगॉन राज्यातील तिच्या केंद्रात चाचणीसाठी सुमारे दोन हजार फोन मांडण्याची व्यवस्था झाली होती. एवढ्या धनिकाला जे बाजारात जाऊन शिकावे लागले, ते महाराष्ट्राला तालुक्याच्या ठिकाणी जाऊन शिकता येईल, आणि दोन हजार फोनही लागणार नाहीत.

सहा-सात पुरतील, पण ते कोणते हे तालुक्याला विचारून ठरवावे. तिवस्यासारख्या गावात मोबाईल दुरुस्तीची जी दुकाने असतात, त्यांच्याइतके खात्रीचे माहितीकेंद्र दुसरे नाही. पंधरा दिवसांत कोणत्या कंपनीचे, कोणत्या सालचे, किती रॅमचे फोन दुरुस्तीला आले याची वही मांडली, की तालुक्याच्या खिशात काय आहे ते समोर येते. त्यातून एक सर्वांत दुबळा फोन, जागा जवळजवळ भरलेली. दोन मधल्या दर्जाचे, तीन-चार वर्षांचे, भिन्न कंपन्यांचे आणि भिन्न बनावटीच्या चिपचे. कारण बॅटरी वाचविण्यासाठी मागे चालू असलेली अ‍ॅपे परस्पर बंद करण्याची प्रत्येक कंपनीची खोड वेगळी. एक अगदी नवा, ज्यावर परवानगीचे नवे नियम दिसतील. एक मोठ्या अक्षरांचा, आजोबांचा. आणि एक काच तडकलेला असला तरी चालेल, नव्हे असावाच. गूगलही अ‍ॅप बनविणाऱ्याला कोणत्या मॉडेलवर त्याचे अ‍ॅप किती वेळा बंद पडले याचा तक्ता देते, आणि एखाद्या मॉडेलवर दिवसाला ८ टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांचे अ‍ॅप बंद पडत असेल तर ते सदोष धरते. हा तक्ता उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र ज्याच्या फोनवर अ‍ॅप उतरलेच नाही, किंवा ज्याने वैतागून ते काढून टाकले आणि गावातल्या केंद्रावर पैसे मोजून नोंद करून घेतली, तो त्या तक्त्यात कोठेच नसतो.

येथे कार्यालयीन व्यवहार जाणणारा वाचक एक शंका काढील. नवे यंत्र विकत घेण्याची रीत ठरलेली आहे, दरपत्रके आहेत, जडसंग्रहाची नोंदवही आहे. परंतु वापरलेला, काच तडकलेला फोन कोणत्या लेखाशीर्षाखाली खरेदी करावा आणि लेखापरीक्षकाला काय सांगावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर घरोघरच्या स्त्रियांना माहीत आहे. बोहारीण जुने कपडे घेऊन नवे भांडे देत असे. एखाद्या शेतकऱ्याचा जुना फोन घेऊन त्याला नवा द्यावा. शासनाच्या दप्तरी नव्याचीच खरेदी पडेल, शेतकरी तक्रार करणार नाही, आणि चाचणीला खराखुरा फोन मिळेल. त्यातली त्याची छायाचित्रे व बँकेचे तपशील आधी त्याच्यासमक्ष पुसून घ्यावेत, हे ओघाने आलेच.

फोन नीट निवडले म्हणजे सर्व प्रश्न मिटतील असे नाही. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत लाखो लोक एकाच वेळी नोंद करू लागले की मुख्य संगणकच गुदमरतो. त्याला चाचणीचा फोन काय करणार? परंतु शेतकरी अखेरच्या दिवसापर्यंत का थांबतो, हेही पाहावयास हवे. पुष्कळदा तो थांबलेला नसतो. दोन शनिवार प्रयत्न करून फसलेला असतो.

या कामात अमरावती-बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा उपयोग करून घेता येईल. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दरवर्षी त्याच त्या ग्रंथालयाच्या आणि हजेरीच्या प्रणाली लिहाव्या लागतात. त्यांपैकी चौघांनी जुलैत तिवस्यातील दुकानांची वही मांडावी, फोन जमवावेत, आणि नव्या हंगामाची आवृत्ती खुली होण्यापूर्वी ती त्या फोनांवर, कुऱ्ह्याच्या वा वरखेडच्या शेतात, इंटरनेट बंद ठेवून चालवून पाहावी. कोणत्या फोनवर किती वेळात नोंद झाली आणि कोठे अडली हे लिहावे. भूमी अभिलेख आणि महसूल खात्यांनी तो अहवाल मागवावा.

२०२५-२६ च्या हंगामात कापूस निगमाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी सुरू केली, आणि त्या नोंदणीलाही सातबाऱ्यावरची कपाशीची नोंदच आधार धरली गेली. म्हणजे वऱ्हाडातील कापूस बाजारापर्यंत जावयाचा तर एकाच फोनवर आता दोन अ‍ॅपे चालावी लागतात, आणि पहिले चालल्यावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही. अशा प्रत्येक अ‍ॅपच्या निविदेत, ते कोणकोणत्या फोनांवर आणि कोणत्या ठिकाणी तपासले जाईल याची यादी जोडलेली असावी. ती प्रसिद्धही करावी. तिवस्याच्या शेतकऱ्याला मग आपला फोन त्या यादीत आहे की नाही हे पेरणीच्या आधी पाहता येईल, आणि नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करण्यास त्याच्या हाती जुलैचा अख्खा महिना राहील.